वाचलं असेल त्यांनी हात जोडा

माझ्या मुलीला तिच्या शाळेनं फसवलं. मी नाही. हे वाक्य आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरात दसऱ्यापासून याच्या उलट मानलं जातंय आणि तसं मानणारी माझी लेकच आहे.

ती सातवीत आहे. शाळेच्या मुलींच्या संघात गोलकीपर. कोल्हापुरात पोरं चालायला लागली की बॉलला लाथ मारतात, त्यात विशेष काही नाही. पण गोलात उभं राहायला कुणी तयार नसतं. ही स्वतःहून उभी राहिली, बाप गेला त्या वर्षी. तो तिला लहानपणी मॅचला न्यायचा आणि गर्दी सोडून गोलच्या मागे जाऊन बसायचा. तिथूनच खेळ खरा दिसतो, असं त्याचं म्हणणं. शहरातल्या सामन्यात तिनं दोन पेनल्टी अडवल्या, तेव्हा जिल्ह्याच्या निवडीसाठी तिचं नाव गेलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं बापाच्या फोटोसमोर हातमोजे ठेवले. मी त्या संध्याकाळी फोटोला फुलं दुप्पट घातली.

फुलं हाच माझा धंदा. नवरा होता तेव्हा मी नुसती हार ओवत बसायचे, भाव त्यानं करायचा. तो गेल्यावर पहिल्या आठवड्यात मला तिघांनी गंडवलं. चौथ्याला मी बाजारात सगळ्यांदेखत असं झाडलं की त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. आता शेतकऱ्याशी भाव मीच पाडते, मांडववाल्यांना माल मीच पुरवते. माझं तोंड वाईट आहे, असं आमच्या बावड्यात सगळे म्हणतात. गोड तोंडानं झेंडू विकून कुणाचं पोट भरलेलं मला माहीत नाही.

आता शाळेची रीत सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. शाळा काही कळवायचं असेल ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकते. सहामाहीचं वेळापत्रक, सामने, सहल, दिवाळीची सुट्टी, सगळं. आणि खाली लिहिते, वाचलं असेल त्यांनी हात जोडा. मग पालक जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात. सर ते हात मोजतात. ज्याचा हात आला त्याला निरोप पोचला. ज्याचा नाही आला त्याला सर फोन करतात.

सहावीला ज्या बाई होत्या त्यांनी माझा नंबर स्वतः विचारून घेतला होता. यंदा सातवीला नवीन सर आले. त्यांनी जूनमध्ये नवा ग्रुप केला आणि नंबर घेतले ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून. तिथे वडिलांचा नंबर होता.

तो नंबर बदला म्हणून मी पहिलीच्या पोरासारखी रांगेत उभी राहून आले होते. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला दिला होता. क्लार्क म्हणाला, "पालक म्हणून वडिलांचाच नंबर लागतो, बाई. रकाना तसाच हाय."

"वडील नाहीत. म्हणून तर आले."

"व्हय, कळलं की. बघतो."

"बघतो नको, आत्ता करा."

"बाई, हितं काय भाजी मंडई हाय व्हय?"

मी त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं. त्यानं माझा नंबर समोरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून घेतला. माझ्या डोळ्यांदेखत लिहिला, म्हणून मी निघाले. कॅलेंडरचा महिना उलटला की पान मागे जातं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी म्हणते, नंबर लिहायची जागा कॅलेंडर आहे का?

माझ्या फोनवर सहावीचा ग्रुप तसाच चालू होता. कुणी सुप्रभात टाकायचं, कुणी वाढदिवस. सणासुदीला माझ्या हातात फोन धरायलाही सवड नसते. शाळेचा ग्रुप आहे, एवढं मला पुरेसं होतं. बाकी लेक घरी येऊन सांगायची. निवड चाचणी दसरा झाल्यावर आहे, हेही तिनंच सांगितलं होतं, वर्गात सरांनी सांगितलेलं.

दसऱ्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी ती तारीख अलीकडे आली. चाचणी उद्या सकाळीच, आधारकार्ड आणि जन्मदाखला घेऊन पालकांनी मैदानावर यावं, असं सरांनी ग्रुपवर टाकलं. शाळा सुटून गेली होती, मुलींना तोंडी सांगायला कुणी समोर नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी दुकानासमोर झेंडूच्या राशीत बसलो होतो. खंडेनवमी तोंडावर. गॅरेजवाल्यांपासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना माळा लागतात, आणि सगळ्यांना आदल्या दिवशीच आठवतं. लेकीला मीच म्हटलं होतं, आज जरा हात लाव, चाचणी झाली की तुला वाटेल तेवढी झोप. ती न कुरकुरता ओवत होती. मधूनच एक फूल वर उडवायची आणि एका हातानं झेलायची. मी ओरडले, "माल हाय त्यो, बॉल न्हाय." ती हसली. बोटं पिवळीजर्द झालेली.

त्याच वेळी मैदानावर तिच्या नावाचा पुकारा झाला असणार. मग राखीव गोलकीपरचा झाला.

शाळा उघडली त्या दिवशी ती दुपारी घरी आली. हातमोजे दप्तरातून काढून तिनं बाहेर पाण्याच्या टाकीमागे टाकले. मी विचारलं, काय झालं?

"तुला म्हाईत न्हाय?"

"काय?"

"परिपाठाला सगळ्यांसमोर सांगितलं. कोण कोण निवडलं गेलं. आणि सर म्हणाले, काही पालकांना निरोप मिळूनबी त्यांना लेकरापेक्षा सणाचा धंदा मोठा वाटतो. सगळी माझ्याकडं बघत हुती."

"मला कुठला निरोप? मला काही आलेलं नाही."

"हात जोडलास की," ती म्हणाली. "सरांनी दाखवला मला. पप्पांच्या नंबरवरनं हात आलाय. पप्पांचा फोन तुझ्याकडंच हाय कपाटात."

तिचं खोटं बोलण्याचं वय नाही आणि मला खोटं पाडण्याचं तर मुळीच नाही. ती जे पाहून आली होती ते खरंच होतं. नवऱ्याचा फोन खरंच कपाटात आहे, त्याच्या शर्टाखाली. मी तो काढला. बंद पडलेला. चार्जरला लावला, थोड्या वेळानं उजेड आला, रेंज आली नाही. सिमला रिचार्ज कोण मारणार होतं? मी तिच्यासमोर धरला. तिनं बघितलं सुद्धा नाही. "आत्ता काढलास," एवढंच म्हणाली.

मग मी तो नंबर माझ्या फोनवरून लावला. नवरा गेल्यापासून मी तो कधी लावला नव्हता आणि पुसलाही नव्हता. शेवटचे तीन आकडे सारखे असलेला नंबर, दुकानदाराशी भांडून मीच त्याला घेऊन दिला होता. रिंग वाजली. उचलला.

"बोला पावणं."

भारदस्त, म्हातारा आवाज. लेकीनं तो ऐकला आणि ती उठून मोरीत गेली, दार लावून घेतलं. त्या नंबरवर दुसऱ्या कुणाचा आवाज तिला नको होता. मलाही नको होता, पण मी बोलत राहिले. कुठून बोलताय म्हणून विचारलं.

"मलकापुरातनं. ह्यो नंबर मला कंपनीनं नवा दिलाय. तुमी कोण, ताई?"

"तुम्ही आमच्या शाळेच्या ग्रुपवर आहात का?"

"व्हय की! लई चांगली माणसं हायत. रोज काय ना काय कळवत्यात. परीक्षा, सामनं. शेवटाला हात जोडा म्हणत्यात, मी बी जोडतो."

"तुमचं कोण शिकतं तिथं?"

"कोण न्हाय."

"मग ग्रुपमध्ये कसे?"

"जूनमदी कुणीतरी घातलं. आता कुणी मानानं घेतल्यावर बाहीर पडायचं म्हणजे वाईट दिसतंय की, ताई. हात जोडा म्हटल्यावर जोडायचं."

दुसरा कुणी असता तर मी तिथंच झाडला असता, पण या माणसावर ओरडायचं तरी कशावरून? तोच पुढं म्हणाला, "ती गोलात उभी ऱ्हाणारी पोरगी कुणाची म्हणायची? मी अभिनंदनबी लिवलेलं. झाली का निवड तिची? रविवारी सरांचा फोन आलता, मी रानात हुतो, राहून गेलं."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये होते. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सर होते, क्लार्कही होता, कॅलेंडरसुद्धा बाहेर ऑफिसात तसंच भिंतीवर होतं. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "ताई, हात आला होता. मग आम्ही काय समजायचं?"

"माझा हात? कुणाचा हात आहे ते बघितलंत का?"

"मुलगी आली नाही म्हणून फोनपण केला की मी."

"मेलेल्या माणसाला केलात."

मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला.

बाजारात मी पहिला भाव कधी सांगत नाही, समोरच्याला बोलू देते. इथंही तसंच केलं. बाई म्हणाल्या, झालं ते वाईट झालं. स्नेहसंमेलनात तिचा सत्कार करू. नवीन हातमोजे शाळेतर्फे देऊ. पुढच्या वर्षी तिचं नाव आपण स्वतः लावून धरू.

"पुढच्या वर्षी ती तुमच्याकडे नाही," मी म्हटलं. "तुमची शाळा सातवीपर्यंत आहे, बाई. नसलेला माल कशाला विकताय?"

त्यांना ते लागलं. लागायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं, मग तुम्हाला हवं तरी काय?

मी माझा भाव सांगितला. ज्या परिपाठाला सगळ्यांसमोर माझ्या लेकीला मान खाली घालायला लावलीत, त्याच परिपाठाला, त्याच सगळ्यांसमोर एक वाक्य बोला. निरोप तिच्या घरी पोचला नव्हता, नंबर शाळेनं चुकवला. सत्कार नको, हातमोजे नकोत, फक्त हे वाक्य.

सरांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "परिपाठाला असं नाही बोलता येत. मुलांसमोर शाळेची चूक म्हटलं की शिस्त राहत नाही. मी तिला केबिनमध्ये घेऊन समजावते ना. बाईमाणूस आहे मी पण."

मी मान्य केलं. आयुष्यात इतक्या लवकर मी कुठल्याच भावाला हो म्हटलेलं नाही. मला वाटलं, चार भिंतींत का होईना, तिला खरं कळेल.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी दारातच उभी होते. "बाईंनी बोलावलं होतं?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आईवर रागावू नको. आई एकटी असते, सणाचे दिवस असतात, राहून जातं. आईला माफ कर."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. आणि मग पहिल्यांदा तिनं मला घरातल्या कामात स्वतःहून मदत केली, न सांगता भांडी घासली. माफ करून टाकलं होतं तिनं मला. जे मी केलंच नाही त्याबद्दल, मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून. तिच्या रागापेक्षा हे मला सोसवत नाही. रागावलेलं पोर कधीतरी ऐकतं. माफ केलेलं पोर ऐकत नाही, त्याचं सगळं ठरलेलं असतं. मी तीन वेळा समजावून बघितलं, मलकापूरच्या पाहुण्यांचंही सांगितलं. ती म्हणते, "जाऊ दे गं आई." तिच्या तोंडात तो एवढासा आवाज, थेट मोठ्या बाईंचा.

हातमोजे मी टाकीमागून काढून धुतले. ते दोरीवरच आहेत.

नंबर मात्र शाळेनं लगेच बदलला. मला सातवीच्या ग्रुपमध्ये घेतलं, मलकापूरच्या पाहुण्यांना काढलं. त्यांचा मला फोन आला. "ताई, मला काढलं की वो. माझं काय चुकलं?" त्यांना एवढं तरी विचारायचं होतं. शाळेत एकालाही हा प्रश्न पडला नाही.

ग्रुपवर मला आलेला पहिला निरोप दिवाळीच्या सुट्टीचा. खाली तेच, वाचलं असेल त्यांनी हात जोडा. एकामागून एक हात जोडले गेले. मी जोडला नाही. मी लिहिलं, माझ्या मुलीबद्दल परिपाठाला जे खोटं सांगितलंत ते परत कधी घेणार? त्या दिवसापासून ग्रुपवर फक्त शाळेलाच लिहिता येतं. पालकांनी नुसतं वाचायचं, आणि हात जोडायचे.

म्हणून इथं, सगळ्यांसमोर लिहिते. मोठ्या बाई, हे तुम्हाला विचारते आहे, सरांना नाही, क्लार्कला नाही, कॅलेंडरला तर नाहीच. तुम्ही माझ्या लेकीला केबिनमध्ये बसवून, मी दोषी नाही हे ठाऊक असताना, मला माफ करायला सांगितलंत. निवड गेली ती गेली. पण माझ्या लेकीच्या मनातून मला काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सुट्टी संपली की शाळा भरेल, परिपाठ होईल, सगळी मुलं ओळीनं उभी राहतील. माझी लेक सातवीच्या ओळीत असेल. मी फाटकाशी असेन. तुम्ही माइक हातात घ्याल तेव्हा तिच्याकडे बघून ते एक वाक्य बोलणार आहात की नाही, याचं उत्तर मला द्या.