"खा" म्हणायला बंदी

स्तामेन्काच्या खेळघरात मुलांना मुद्दाम बरबटवतात. सर्बियातल्या लेस्कोवात्स गावच्या आयांना हे आधी पटत नाही. इस्त्रीचे कपडे घालून आणलेलं लेकरू तिच्या हवाली करताना त्या म्हणतात, "जेवत नाही हो, तेवढं बघा." स्तामेन्का बघते, पण तोंडाकडे नाही, हातांकडे. ओल्या रव्यात बोट घालायला घाबरणाऱ्या पोराच्या तोंडात तोच रवा कोंबणं हा तिच्या मते शुद्ध आडमुठेपणा, आणि हे ती तोंडावर सांगते. बाई फटकळ आहे. पण तिच्याकडची मुलं जेवायला लागतात, म्हणून लोक ऐकून घेतात.

लुकियान चौथ्या वर्षात होता. तान्हा असताना आजारपणात त्याला महिनोन् महिने नाकातल्या नळीने दूध दिलेलं. तेव्हापासून बाटलीतलं दूध सोडून काहीही जवळ आणलं की त्याला उमासे यायचे. हिवाळ्यापर्यंत वजन वाढलं नाही तर पुन्हा नळी, असं डॉक्टर म्हणाले होते. स्तामेन्काने कोरड्या गव्हापासून खेळ सुरू केला, मग ओलं पीठ, मग दही. दह्यात हात बुडवून तो टेबलभर रस्ते काढू लागला, तेव्हा तिची खात्री पटली, हा पोरगा जेवणार.

घरी मात्र रादुंका आजी होत्या. आई तियाना कारखान्यात, म्हणून नातू दिवसभर आजीच्या ताब्यात. ज्या घरातून पाहुणा कधी न खाता गेला नाही, तिथे घरचाच नातू उपाशी! आजी चमचा घेऊन अंगणभर त्याच्या मागे धावायच्या. स्तामेन्काने त्यांना बजावलं, "खा म्हणायचं नाही. तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही."

आणि एके दिवशी घरी दह्यात खेळताना लुकियानने बोटावरचं दही चाटलं. आजींनी टाळ्या पिटल्या, छातीवर क्रूसाची खूण केली आणि कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, "अगं ये लवकर, माझ्या राजाने खाल्लं!" राजाने हात पुसले. त्यानंतर तो दह्याला शिवेना.

"आजी, पोराने बोट चाटलं आणि तुम्ही वरात काढलीत!" स्तामेन्का कडाडली.

"मग काय रडायचं होतं? तुला ना मूल ना नातवंड. तुला काय कळणार?"

हे तिला लागलं, चांगलंच लागलं. पण उपायही तिथेच सुचला. ही बाई रिकामी बसली की चमचा उचलणारच. हिला कामाला जुंपायला हवं.

आयवारचे, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी कढईत आटवून वर्षभरासाठी भरून ठेवायचे दिवस होते. गल्लीभर चुली पेटलेल्या, लाल मिरच्या भाजल्याचा वास कपड्यांतूनसुद्धा जात नव्हता. शनिवारी स्तामेन्का आजींच्या अंगणात बाह्या सरसावून बसली. मधे भाजलेल्या गोड मिरच्यांचं घमेलं, समोर आजी, बाजूला लुकियान.

"तुम्ही मुकाट्याने सोलायचं," ती म्हणाली. "मान वर केलीत तर मी उठून जाईन. मग एवढी कढई एकटीने ढवळत बसा."

कढई एकटीने ढवळायची या विचारानेच आजींनी मान खाली घालून सोलायला घेतलं.

सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. लुकियानने मिरच्या चिवडल्या, एक आजींच्या गालावर चिकटवली, मग सरळ त्यांच्या तोंडात कोंबली.

"खा!" तो दरडावून म्हणाला. हुबेहूब आजीचा आवाज. आजींनी खाल्ली. "आ कर. अजून एक!" तीही खाल्ली.

मग त्याने स्वतःसाठी एक उचलली. चोखली, तोंड वेडंवाकडं केलं, तुकडा तोडला आणि सावकाश गिळला. उमासा आला नाही.

"आजी, मी खाल्ली."

स्तामेन्काने आजींकडे पाहिलं. आता ही टाळ्या पिटणार आणि सगळं मातीत जाणार.

आजींनी पुढची मिरची सोलायला घेतली, मान खालीच. "खाल्लीस ना? मग बी थुंक आणि घमेलं इकडे सरकव. कामं पडलीत."

लुकियानने घमेलं सरकवलं आणि सरकवतानाच त्यातली दुसरी मिरची उचलली.