कडी आतून निघाली होती

दिल्ली पोलिसांत असताना तपासलेल्या, करोल बागेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची आठवण आली, की आजही मन खिन्न होतं. अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध पंजाबी बाईंचा भरदुपारी तोंडावर उशी दाबून खून झाला होता. कपाट रिकामं होतं. त्यांची देखभाल करणारी अटेंडंट स्वयंपाकघरात हात बांधलेल्या अवस्थेत सापडली. मूळची विदर्भातली, गाझियाबादला राहणारी, चाळिशीतली विधवा. मला मराठी बोलताना ऐकून ती ढसाढसा रडली.

"साहेब, घंटी वाजली. कुरियरवाला समजून मी दार उघडलं, तर चौघं आत घुसले."

पुढच्याच आठवड्यात खबऱ्याचा फोन आला. पहाडगंजच्या एका हॉटेलात चार जण दागिन्यांवरून भांडत होते. छापा टाकून चौघांना ताब्यात घेतलं, वेगवेगळं बसवलं. माणूस खुनाबद्दल जपून खोटं बोलतो. बारीकसारीक गोष्टींत मात्र गाफील असतो. मी एकाला सहज विचारलं, "घंटी किसने बजाई?"

"घंटी काहे की, सर? दरवाज़ा तो खुला था."

मी महिला हवालदाराला सोबत घेऊन अटेंडंटसमोर बसलो. "बाई, घंटी वाजलीच नव्हती."

ती फरशीकडे बघत म्हणाली, "कडी मीच काढून ठेवली होती. पण माताजींना हात लावायचा नाही, असं ठरलं होतं, साहेब. त्या ओरडल्या म्हणून एकाने उशी दाबली. मी तर स्वयंपाकघरात होते."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण तिच्या घरातून माताजींच्या बांगड्या निघाल्या, फोनवरचे कॉलही जुळले. पाच जणांनी मिळून घातलेल्या दरोड्यात एकाने खून केला, तरी कायद्याने पाचही जण खुनाला जबाबदार. पाचही जणांना जन्मठेप झाली.

"उशी दाबणाऱ्याला आणि मला सारखीच?" तिने मला विचारलं.

"लुटीची वाटणी होते, बाई. गेलेल्या जिवाची होत नाही."

तिला कोर्टातून बाहेर नेत असताना माताजींची मुलगी आडवी आली. तिचा आवाज चढला नव्हता. "माँ ने आख़िर में किसे पुकारा था?"

अटेंडंटने मान खाली घातली. "मुझे, दीदी."

मुलगी भिंतीला टेकून तिथेच खाली बसली.

नोकरीत सहआरोपी पुष्कळ पाहिले. 'मी तर फक्त' असं म्हणून प्रत्येक जण आपला दोष छाटायला बघतो. पूर्वी मला कधीकधी ते पटायचंही. त्या दिवसानंतर नाही पटलं. हाक तिला ऐकू आली होती, आणि ती गेली नव्हती.