गळलेलं शून्य

एका छापखान्यात प्रुफं तपासणारी बाई होती. तिथे सगळे तिला ‘भिंग’ म्हणत. नाणेसंग्राहकांचा कॅटलॉग दरवर्षी तिच्याच हातून जाई. कुठल्या सालची नाणी टांकसाळीने किती पाडली, याचे रकानेच्या रकाने. जितकी कमी पाडलेली, तितका भाव जास्त.

यंदा टांकसाळीचा अहवाल शेजारी ठेवून तपासताना एका ओळीवर तिची पेन्सिल थांबली. अहवालात एक लाख वीस हजार. गेल्या वर्षीच्या कॅटलॉगात बारा हजार. तिने जुनं प्रूफ शोधून काढलं. खाली तिचीच सही. तो आकडा वाचूनच तिच्या थोरल्या दिरांनी, हात थरथरायला लागल्यावर लेथ मशीन विकून, त्याच सालची अडतीस नाणी घेतली होती.

मालक म्हणाले, “गुपचूप दुरुस्त करा. बोभाटा नको.”

ती तडक दिरांच्या खोलीवर गेली. “भाऊजी, आकडा चुकला. माझ्या हातून.”

त्यांनी नाण्यांचा डबा पुढे ओढला. मग एकदम म्हणाले, “अगं, तो आकडा पाडलेल्यांचा. उरलेल्यांचा थोडाच असतो? खपली नाहीत तर वितळवतात. लाखभर वितळवली असली तर?”

तिने तेवढंच घट्ट धरलं. टांकसाळीच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला ती कारकुनाला म्हणाली, “एवढं बघा हो, पाया पडते.” त्याने वही उघडली, बोट खाली सरकवत नेलं. “एकही वितळवलेलं नाही, बाई. सगळी बाजारात गेली.”

ऐकून दीर उठलेच. “दुकानदारांना अजून ठाऊक नाही ना? उद्याच विकतो.”

“आणि घेणाऱ्याचं काय?”

“माझं काय, ते सांग आधी!” त्यांचा आवाज फाटला. आतून जाऊबाईंचा दाबलेला हुंदका ऐकू आला.

घरी न जाता ती छापखान्यात आली आणि तिथूनच एकेका दुकानदाराला फोन करून खरा आकडा सांगितला. संध्याकाळी मालकांनी तिचा हिशेब चुकता केला. दिरांची नाणी कुणी हातातही घेतली नाहीत.

आता ती दर रविवारी त्यांच्याकडे जाते. जाऊबाई दार अर्धवट उघडतात, म्हणतात, “आज नको गं.” आतून खोकल्याचा आवाज येतो. ती जरा वेळ जिन्यात उभी राहते, मग उतरते.