टेकडी सपाट होण्याआधी

मी आयुष्यभर शेतांच्या मोजण्या केल्या, बंगल्यांचे नकाशे काढले. गोल्फ पाहिला तो फक्त टीव्हीवर, तोही रिमोट सापडेना म्हणून. तरी उजनीच्या पाण्याकाठच्या एका ऊस बागायतदाराने आपल्या टेकडीवर नऊ खड्ड्यांचं मैदान आखायला सांगितलं, तेव्हा मी अशी मान डोलावली, की जणू जन्मलोच हिरवळीवर.

शेताला बांध घालतात तसे मी खड्डे सरळ रांगेत, थेट चढावर घेतले आणि पांढऱ्या फक्कीने रेघा ओढल्या. चौथ्या खड्ड्याशी मालक गुडघ्यांवर हात टेकून थांबले.

"सायेब, ह्यो खेळ हाय का शिक्षा? परवा जेसीबी आणतो. टेकडीच सपाट करू."

त्या टेकडीवर माझा जीव जडला होता. सकाळी तिच्या अंगावरून धुकं पाण्यात उतरायचं आणि खाली धरण आहे की आभाळ, हेच कळायचं नाही.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो.

"दिले. आमची आक्का नऊच्या नऊ चालली, कुटं न बसता, तर टेकडी ऱ्हाईल."

आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. वय सत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर मेंढरं चारणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे लागलो. तो हसला. "सरळ कोण चढतंय वो? मेंढरू तिरकं जातंय." त्याच्या पायवाटा टेकडीच्या पोटाला वळसे घालत, झोपेत चालल्यासारख्या वर जात होत्या. मी खड्डे त्यांच्या कडेने मांडले. चेंडू खुशाल दरीवरून उडो, माणूस वाटेने जाईल.

तिसऱ्या दिवशी पायथ्याला जेसीबी घरघरत होता. नऊवारी आणि कॅनव्हासचे बूट घालून आक्का निघाल्या. मी पुढे पुढे, भालदारासारखा प्रत्येक खड्ड्याची ललकारी देत. सहा झाले. सातव्याच्या अलीकडे लिंबाखालच्या दगडावर आक्का बसल्या.

"बसली! बसली की!" मालक ओरडले.

"दमले न्हाय रं येड्या. हितं बसायचंच असतंय. म्हातारा रोज मेंढरं घेऊन हितं बसतोय. तुज्या सायबानं वाट तेवढी उचलली, बसायची जागा इसरला."

खरंच विसरलो होतो.

मालक थोडा वेळ फुरंगटून उभे राहिले, मग तेही टेकले. मीही. पाण्यावरून वारा येत होता, लांब कुठे तरी मोटारपंप गुणगुणत होता. जेसीबीवाला इंजिन बंद करून वर आला.

"काय झालं वो?"

"गप बस," आक्का म्हणाल्या. तोही बसला.

बऱ्याच वेळाने मालक पाण्याकडे बघतच म्हणाले, "सायेब, सातवा जरा पुढं घ्या. ही जागा मोकळी सोडा. जेसीबी जाऊ दे माघारी. हितं एक बाकडं टाकू."

"बाकडं कशाला?" आक्का म्हणाल्या. "दगड हाय की."