माझ्या बदल्यात कोण

माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, भिलाईत स्टील प्लांटमध्ये नुकताच क्लार्क लागलेला. घरातल्याच कोणाचं तरी मूत्रपिंड बसवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईला मधुमेह होता. उरले बाबा आणि ताई. बाबांचा रक्तगट जुळला, पण पुढच्या तपासण्यांची तारीख आली की त्यांना ड्यूटी निघायची. दोनदा टळलं. तिसऱ्यांदा ते न सांगताच स्कूटर काढून निघून गेले. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

ताई शाळेत शिकवायची. तिने मला लायब्ररीतून ग्रीक पुराणकथांचं पुस्तक आणून दिलं होतं. त्यात एक राजा होता. त्याच्या बदल्यात कोणी मरायला तयार झालं, तर तो वाचणार होता. म्हातारे आईबाप नाही म्हणाले, बायको हो म्हणाली. राजाने बापाला वाटेल ते सुनावलं आणि बायकोने देऊ केलेला जीव मुकाट घेतला. वाचताना माझे कान तापले. बाबांना मीही मनात तेच सुनावत होतो.

त्याच आठवड्यात ताईने सांगितलं, तिने गुपचूप तपासण्या करून घेतल्या होत्या, सगळं जुळत होतं. तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना हे कळलं तर ते मोडणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मले नको," मी म्हणालो. "मले त्या राजासारखं नाही जगायचं."

ती पेपर तपासत होती. तिने लाल पेन्सिल खाली ठेवली.

"तू राजाचाच विचार करून राहिला. त्या बाईले काय पाहिजे होतं, ते कोणी विचारलं? बाबाले भीती वाटते. मलेही वाटते. पण मले भाऊ पाहिजे."

मुलाकडून नकाराचं पत्र आलं. तिने ते वाचून आईकडे दिलं आणि मुंबईचं रिझर्वेशन झालं का, एवढंच विचारलं. पुढे तिने लग्न केलंच नाही.

ऑपरेशन मुंबईत झालं. दहा दिवसांनी मला चालायची परवानगी मिळाली. बाबा दाराशी उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात. राजाने बापाला कायमचं तोडलं होतं. मला ते जमलं असतं. पण ताईने दिलेलं घ्यायचं, तर तिने बाबांना दिलेली माफीही घ्यावी लागणार होती.

"बाबा, हात द्या," मी म्हणालो. "ताईले पाहून येऊ."

त्यांनी माझा दंड धरला. आम्ही तिच्या वॉर्डाकडे निघालो.