बासष्ट मैल

नागपूरहून जबलपूरला जाणारा रस्ता बंजाऱ्यांच्या बैलांनी पाडला, भोसल्यांच्या घोड्यांनी रुळवला की इंग्रजांनी गिट्टी टाकून पक्का केला, याबद्दल दुमत असू शकते. पण माझ्या बायकोच्या मामांना विचारल्याशिवाय तो एक इंचही पुढे गेलेला नाही, याबद्दल निदान मामांच्या मनात कधी शंका नव्हती. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी चौतीस वर्षे काढली आणि त्यातली बहुतेक याच एका रस्त्यावर. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. रस्ता मात्र त्यांच्याकडून परत घेतला नाही. खात्याची चूक झाली ती एवढीच, आणि तिची फळे पुढे बरीच वर्षे आम्ही भोगली.

मामा नागपूरच्या नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत राहत. मामी लवकर गेल्या होत्या, मूलबाळ नव्हते. त्यांच्या लेखी माणसे गावात राहत नसत, मैलावर राहत. कोणी मनसरचा निघाला की मामा त्याचा मैल सांगत, आणि घर रस्त्याच्या डाव्या अंगाला की उजव्या, एवढे विचारून घेत. त्यापुढे त्या माणसाबद्दल त्यांना कुतूहल उरत नसे. आमच्या लग्नाचे वर्ष त्यांना कधी आठवले नाही. विचारले तर म्हणत, "देवलापारच्या पुढची पुलिया वाहून गेली होती, त्या सालची गोष्ट हाये." वाहून गेलेल्या लहानशा पुलाची ही आठवण माझ्या बायकोला आवडत नसे. एकदा त्यांच्या गल्लीत नवे डांबर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बनियनवर बाहेर आले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी तांब्याभर पाणी ओतले. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असायला हवा. हा एकाच बाजूला उतरता होता. पाणी सरळ समोरच्या बाईंच्या दारातल्या रांगोळीत गेले.

"काहून जी मामा," बाई ओरडल्या, "सकाळी सकाळी माह्या रांगोळीवर पाणी काहून सोडून राहिले?"

"मी नाई सोडलं वं बाई, ठेकेदारानं सोडलं," मामा म्हणाले. "मी फक्त दाखवून राहिलो."

असे त्यांनी सलग आठ दिवस दाखवले. नवव्या दिवशी बाईंनी रांगोळी बंद केली.

त्यांच्याबरोबर प्रवास करणे ही शिक्षा होती. माझ्या मेहुण्याच्या लग्नाचे वऱ्हाड शिवनीला निघाले, तेव्हा ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरून बसले आणि कामठी सुटताच त्यांचे सुरू झाले. कन्हानच्या पुलावर बस थांबवून त्यांनी नवरदेवाला पुलाच्या खांबांवरची पुराच्या पाण्याची खूण दाखवली. मनसरच्या अलीकडे एका वळणावर, आपण ते कसे सरळ करायला सांगितले होते आणि साहेबाने कसे ऐकले नाही, याची हकीकत सांगितली. पुढच्या वळणावर दुसऱ्या साहेबाची. वऱ्हाडातल्या बायका आधी हसल्या, मग कंटाळल्या, मग झोपल्या. खवासा आले तसे मामा एकदम गप्प झाले. तिथून पुढे कुरईचा घाट लागतो, सातपुड्यात चढणारा, आणि तो मामांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तुकडा. छप्पन साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा एकाच रस्त्याचे दोन वाटे झाले. खवाशापर्यंतचा रस्ता अलीकडच्या राज्यात राहिला, घाट पलीकडच्या राज्यात गेला, आणि मामा अलीकडे राहिले.

"पोरगी सासरी जाते तर रीतीभातीनं जाते, जवाईबापू," ते मला म्हणाले. "माहा घाट तर नुसता कागदावर गेला."

तरी रजा टाकून, पदरचे तिकीट काढून ते वर्षातून दोनदा घाटाची पाहणी करायला जात. परत आले की पलीकडच्या अधिकाऱ्यांना कुठली नाली तुंबली आहे आणि कुठला कठडा खचला आहे, ते पत्राने कळवत. उत्तर एकदाच आले. त्यात आभार मानले होते आणि पुन्हा लिहू नये असे सुचवले होते. मामांनी त्यातला फक्त पहिला भाग वाचला.

निवृत्तीनंतर ते या रस्त्याचा इतिहास लिहू लागले. कागद म्हणून त्यांनी खात्याच्या जुन्या मोजमाप-वह्या वापरल्या, त्यामुळे भोसल्यांच्या स्वाऱ्याही लांबी, रुंदी आणि खोलीच्या रकान्यांत बसवलेल्या असत. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि रविवारची पुरवणी माझ्याकडे होती. पुरवणीची पाने शनिवारी दुपारी लागत. मामा शनिवारी दुपारीच येत. सुरुवातीला मी चहा मागवत असे, पुढे तेही सोडले. तीन वर्षांत त्यांचा इतिहास कन्हान नदीच्या पलीकडे गेला नाही.

"मामाजी, घाट कधी येईल?" मी विचारी.

"पूल पक्का झाल्याबिगर गाडी सोडत नसतेत," मामा म्हणत आणि पुलाच्या पायासाठी कुठला दगड वापरला त्यावरचे आणखी सहा पानांचे टिपण माझ्या टेबलावर ठेवत.

एका शनिवारी मात्र ते वही न घेता आले. खुर्चीच्या कडेवर बसले. पुलाचे नाव काढले नाही.

"जवाईबापू, पुलाचं राहू द्या," ते म्हणाले. "घाटातलं एवढं एक छापा. माह्यासाठी नाई. मंगलसाठी."

मंगल हा घाटातला जुना मेट. रस्त्यावर काम करणाऱ्या टोळीच्या मुकादमाला खात्यात मेट म्हणतात. मामा तरुणपणी पहिल्यांदा घाटात गेले, तेव्हा उतारावर पाय कसा टाकायचा इथपासून सगळे त्यांना मंगलने शिकवले होते. घाटात बासष्टाव्या मैलाच्या दगडाशी टोळीची चौकी होती. चौकीभोवती सात-आठ घरे झाली आणि त्या वस्तीला बासष्ट मैल हेच नाव पडले. दुसरे नाव तिला नव्हते. मंगल म्हातारपणी तिथेच राहिला होता. त्याचा उजवा गुडघा गेला होता, आणि औषधासाठी, बाजारासाठी त्याला बसने कुरईला जावे लागे. चाळीस वर्षे "बासठ मील" म्हटले की बस थांबत असे. मग मैलांचे दगड काढून किलोमीटरचे बसवले गेले, नवे कंडक्टर आले, आणि त्यांच्या लेखी बासष्ट मैल नावाचे काही उरले नाही. बस थांबेना. परत येताना मंगलला कुरईच्या स्टँडवरच बसमधून उतरवून देत. तिथून घरापर्यंत तीन मैलांची पायपीट होती, त्या गुडघ्यावर.

"मी त्याले बोलून बसलो," मामा म्हणाले. "म्हटलं, माहा जवाई पेपरात हाये. पेपरात नाव छापून आलं की कात्रण दाखवजो कंडक्टरले. छापलेल्याले कोणी नाई म्हणत नाई."

छापलेल्या मजकुरावर एवढा विश्वास असलेला माणूस मला वृत्तपत्राच्या कचेरीत कधी भेटला नव्हता. मी हो म्हणालो. मामांनी चार दिवसांत घाटावर चाळीस पाने लिहून आणली. मी त्यांचा दीड कॉलम केला. मामांनी तेव्हा पहिल्यांदा काही तक्रार केली नाही. "मंगल हाये ना त्यात?" एवढेच विचारले. मी म्हणालो, आहे.

मंगल होता. घोटाळा दुसराच झाला. आमच्या कचेरीत मुख्य संपादकांच्या सहीची एक चिठ्ठी भिंतीला चिकटवलेली होती. शेर, तोळा, फर्लांग, मैल छापू नये. नव्या मापांत आकडा द्यावा. ती चिठ्ठी मी सात-आठ वर्षे पाळत होतो, इतकी की वाचण्याआधी हात दुरुस्ती करी. मामांनी लिहिले होते, "मंगल मेट आजही बासष्ट मैल येथे राहतो व तेथे बस थांबण्याची जुनी वहिवाट आहे." छापून आले ते असे: "मंगल मेट आजही शंभर किलोमीटर येथे राहतो व तेथे बस थांबण्याची जुनी वहिवाट आहे."

रविवारी सकाळी सात वाजता मामा दारात उभे होते. हातात पुरवणीच्या पाच प्रती. माझ्या बायकोने चहाचे विचारले, त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळले नाही.

"जवाईबापू," ते म्हणाले, "मंगलले तुमी कुठं नेऊन ठेवलं?"

मी वाचले. मग जे करायला नको होते तेच केले. नियम सांगितला. बासष्ट मैल म्हणजे शंभर किलोमीटरच होतात, असेही म्हणालो.

"नाई होत," मामा म्हणाले. "एक फर्लांग अन् एक साखळी कमी भरते." म्हणजे अडीचशे यार्डांना थोडे कमी. हा हिशेब त्यांनी केला नव्हता. तो त्यांना पाठ होता. "अन् तो आकडा नोहोता जी. नाव होतं. तुमचं नाव कोणी गुणून भागून छापलं तर चालंल तुमाले?"

"मामा, बसा ना," माझी बायको म्हणाली.

"बसून काय करू वं?" मामा म्हणाले. "एक प्रत कालच रातच्या बसनं धाडली त्याले. न वाचता धाडली. जवायानं केलं म्हून."

पुढच्या रविवारी मी शुद्धिपत्र छापले: बासष्ट मैल हे अंतर नसून वस्तीचे नाव आहे. दोन ओळी, पान चारच्या तळाशी. त्या दोन ओळींसाठी मला मुख्य संपादकांच्या खोलीत जितका वेळ उभे राहावे लागले, तितका कुठल्याही अग्रलेखासाठी लागला नव्हता. ते कात्रण घेऊन मामा आणि मी सोमवारी बसने घाटाकडे निघालो. कामठीपासून खवाशापर्यंत मामांनी एकही पुलिया दाखवली नाही. मला ते आवडायला हवे होते. आवडले नाही.

खवाशाच्या पुढे मी कंडक्टरला कात्रण दाखवले आणि बासष्ट मैलाला उतरायचे आहे म्हणालो. तो विशीतला, पानाने तोंड भरलेला गडी होता. त्याने कात्रणाकडे पाहिलेही नाही.

"बासठ मील ना? उतार देंगे, बैठो," तो म्हणाला. "बुड्ढे ने अखबार दिखाया था. सौ किलोमीटर पे रोकते हैं अब."

मामांनी माझ्याकडे पाहिले. बस घाट चढू लागली. जुन्या चौकीची कौले खिडकीतून मागे गेली, तिथे ती थांबली नाही. वळण घेऊन वर चढली आणि शंभर आकड्याच्या पांढऱ्या दगडापाशी उभी राहिली. "बासठ मीलवाले उतरो!" कंडक्टर ओरडला. आम्ही उतरलो.

मंगल दगडाजवळच बसला होता. आमची बस त्याने मामांना पाहून सोडली; आता दुपारच्या बसने त्याला कुरईला जायचे होते. त्याने उठायचा प्रयत्न केला, मामांनी त्याला खांद्यावर हात ठेवून बसवले. मग ते उतारावरून चौकीपर्यंत चालत गेले आणि ओठ हलवत, पावले मोजत परत वर आले. धाप लागली होती.

"एक फर्लांग, एक साखळी," ते मला म्हणाले. "मंगल्या, तुले रोज एवढी चढण? माह्या जवायानं तुह्या गुडघ्याची वाट लावली गा."

"साहब, तीन मील से तो कम है," मंगल म्हणाला. त्याने बंडीच्या खिशातून घड्या घातलेला कागद काढून मला दाखवला. स्वतः त्याला वाचता येत नव्हते, पण आपले नाव कुठल्या ओळीत आहे ते त्याला ठाऊक होते. तिथे त्याने बोट ठेवले. "नाम तो आ गया, साहब. बस, घर थोड़ा पीछे रह गया."

मामांना हसू आले नाही. चूक ती चूक, तुमच्या कागदाने थांबा सरकला, आता त्या कंडक्टरला नवे कात्रण दाखवून तो परत खाली आणलाच पाहिजे, असे ते मला बजावत राहिले. मी हो हो म्हणत राहिलो. शुद्धिपत्राचे कात्रण माझ्या हातात होते. मंगलने ते मागितले नाही.

"रहने दो साहब," तो शेवटी म्हणाला. "यहाँ से अपना पूरा रस्ता दिखता है, खवासा तक. नीचे से नहीं दिखता था. बैठो ना."

मामा बसले. पुलियांची तोंडे, नाल्यांचे उतार, कठड्यांचे सांधे पाहत या घाटातून ते शेकडो वेळा गेले होते. खाली बघत गेले होते. त्या दगडाशी बसून समोर पाहिले की साऱ्या वळणांसकट रस्ता उतरत जाताना दिसतो. सागाच्या रानात बुडतो, पुन्हा वर येतो, आणि पार खाली सपाटीला लागून अलीकडच्या राज्यात जातो. कुठे एक राज्य संपते आणि दुसरे सुरू होते, ते तिथून कळत नाही. मामांची नजर खालून वर एकेका वळणावरून फिरत आली. मग बोटाने खालचे एक वळण दाखवून म्हणाले, "ते आपण केलं होतं ना गा, मंगल?"

"हाँ साहब. अपने ने किया था."

खालून कुरईला जाणारी बस आली, भरलेली. मंगलने दगडाचा आधार घेत उठून हात केला. ती थांबली. त्याला चढवायला मी पुढे झालो. मामांना हाक मारली, दोनदा मारली. ते बसूनच होते, रस्त्याकडे बघत, बोटाने वळणे मोजत.