म्हातारा पाऊस

पुनर्वसूच्या पावसाला आमच्याकडे तरणा म्हणतात आणि त्याच्या मागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा दाणदाण कोसळतो, म्हातारा बारीक पडत राहतो. म्हणून ओढ्याकडचं खाचर आम्ही नेहमी म्हाताऱ्यात लावायचो. घरचा भात तेवढ्यावरच निघायचा. बाकीची जमीन विकून झाली होती.

गेल्या वर्षी तरणा कोरडाच गेला. रोप पिवळं पडायला लागलं, तरी मालक, म्हणजे आमचे हे, म्हणाले, म्हातारा लागू दे. लागला तेव्हा खरंच रिमझिम होती. आम्ही लावणी उरकली. मग एका दुपारी असा कोसळला की समोरचा गोठा दिसेना. ओढा बांध फोडून आत आला. पाणी ओसरलं तेव्हा वरचा कोपरा सोडला तर खाचरात रोप नव्हतं, मातीही नव्हती. नुसते गोटे.

मी मालकांना म्हणाले, "म्हातारा म्हंजी तुमच्यासारखा बसून खाणारा, आसं वाटलं व्हय तुमाला?" बोलायला नको होतं, असं मला अजूनही वाटत नाही.

ओढ्याचं पाणी मोजायला कॉलेजची एक मुलगी यायची. या उन्हाळ्यात ती ओट्यावर चहाला बसली, तेव्हा यांनी विचारलं, पाऊस कमी झालाय का. ती म्हणाली, तसं म्हणता येत नाही. पण बऱ्याच वर्षांची मोजणी शेजारी शेजारी मांडली की दिसतं, तो थोड्या दिवसांत एकदम पडतो, मुरत नाही, वाहून जातो. वर डोंगर फोडून बंगल्यांचे रस्ते झालेत, त्याचाही त्यात वाटा आहे.

"मग औंदा म्हातारा कसा हाय? बांध घालू का नको, तेवढं सांग."

"आजोबा, एका वर्षाचं नाही सांगता येत."

यांना तिचा राग आला. मला नाही आला. खोटं सांगून गेली असती तर आला असता.

मुलगा पिरंगुटला कारखान्यात जातो. तो म्हणाला, माती आणून टाकायची आणि पुन्हा ओढ्याला द्यायची, मला जमणार नाही. हे मात्र मृग जवळ आला तरी रोज गोटे उचलून कडेला रचत होते. एक दिवस तिथंच खाली बसले. मुलानं धरून घरी आणलं.

वाचलेल्या कोपऱ्यातलं भात मी बियाण्याला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गिरणीतून काढून आणलं आणि शिजवलं. पहिल्याच घासाला यांनी ओळखलं.

"समदं काढलंस?"

"समदं."

ताटात होतं तेवढं त्यांनी खाल्लं. मागून घेतलं नाही.